म्हातारपणी नवा जन्म कसा?

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, जन्मभर उपासना चुकवली नाही. आता पाळकसाहेब म्हणतात, नव्याने जन्म घ्या. या वयात कसला जन्म?" घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

हा प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानातल्या, तिसऱ्या अध्यायातल्या निकदेमाचाच आहे. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, शास्त्राचा शिक्षक, तरी रात्री येशूकडे आला आणि म्हणाला, म्हातारा झालेला माणूस जन्म कसा घेणार? येशूने त्याला कुठलाही नेम लावून दिला नाही. पाणी आणि आत्मा यांपासून जन्म, म्हणाला; वारा हवा तिकडे वाहतो, म्हणाला. मला बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, दुसरा अध्याय आठवतो. देवाने मातीचा माणूस घडवला आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला. आदामाने त्यासाठी काय केलं? काहीच नाही. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू, दारं लावून बसलेल्या शिष्यांवर तसाच श्वास फुंकतो. पहिली निर्मिती ज्याची, दुसरीही त्याचीच. मग वयाची अट कुठे राहिली? तुमची उपासना वाया गेली नाही बाबा, पण तारण, म्हणजे पापातून सुटका, तिच्यातून कमवायचं नव्हतंच.

आई, तुला वाटतं या नव्या जन्माची तारीख सांगता आली पाहिजे. कवी ना. वा. टिळकांना आली, 1895 सालचा बाप्तिस्मा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र आधी किती दुरावल्या, मग हळूहळू आल्या. तू काकूंशी धरलेला इतक्या वर्षांचा अबोला स्वतः जाऊन मोडलास, त्यांचा हात हातात घेऊन ओट्यावर बसलीस. मला तो बदल तारखेहून मोठा वाटतो.

आणि तारण म्हणजे हे जग सोडून वर जाणं एवढंच नव्हे. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो, सगळी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हते आहे. ओहोटीला ठाणे खाडीवर तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या आणि पलीकडे चिखलात मान घालून चरणारे रोहित पक्षी एकदमच दिसतात, तेव्हा मला ते पटतं. देव हे टाकून देणार नाही, नवं करणार आहे. तुमचे दुखरे गुडघेसुद्धा.

त्या रात्री निकदेमाला उत्तर पटलं की नाही, योहान लिहीत नाही. पण एकोणिसावा अध्याय बघा: वधस्तंभानंतर तोच माणूस येशूच्या दफनासाठी गंधरस आणि अगरू ही सुगंधी द्रव्यं घेऊन येतो, शंभर रत्तलांच्या आसपास. नाताळात याल तेव्हा तिसरा अध्याय तुम्ही वाचा, मला तुमच्या आवाजात ऐकायचा आहे. खालची बर्थ मिळते का बघते.

तुमची,
धाकटी