कर्करोग तपासणी : मृत्यू मोजल्याशिवाय यश कसले?

मा. संपादक,

एकाच रक्तचाचणीत अनेक कर्करोग पकडता येतात, ही आपली बातमी वाचली. निदान झालेले बहुतेक जण पाच वर्षांनंतरही हयात आहेत, एवढ्यावर तिला यशस्वी ठरवून टाकले आहे. मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. लिहिल्यावाचून राहवले नाही.

गाठ तीन वर्षे आधी सापडली आणि रुग्ण जायचा त्याच दिवशी गेला, तरी निदानानंतरचे आयुष्य तीन वर्षांनी वाढलेले दिसते. जी गाठ कधी त्रास देणारच नव्हती, तीही बऱ्या झालेल्यांत जमा. म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकालाच तपासणीला बोलवायचे आणि दोन्हींतले मृत्यू मोजायचे. बोलावूनही न आलेले त्याच गटात धरायचे, कारण आपणहून येणारे मुळातच प्रकृतीला जपणारे असतात. 2022 मध्ये निष्कर्ष आलेल्या नॉर्डिक कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) अभ्यासात बोलावलेल्यांपैकी 42 टक्केच आले होते!

रोग आधीच्या टप्प्यात सापडतोय, मग मृत्यूंची वाट कशाला, असे विचारतात. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी असा अभ्यास झाला. दरवर्षी रक्त तपासलेल्या गटात चौथ्या टप्प्यातल्या रुग्णा खरोखरच कमी निघाल्या. 2021 मध्ये अंतिम हिशेब आला, तेव्हा मृत्यू मात्र घटलेले नव्हते.

मृत्यू मोजणेही वाटते तितके सरळ नाही. अशाच एका अभ्यासात मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या समितीवर मी होतो. रुग्ण कोणत्या गटातला हे आम्हाला कळू नये म्हणून केसपेपरवरच्या तपासणीच्या नोंदी काळ्या शाईने खोडून येत. (आमच्यातले एक डॉक्टर कागद उजेडात धरून बघायचेच.) तरीही वाद व्हायचे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्यात हृदय बंद पडून गेलेला माणूस कुणाच्या खात्यात टाकायचा? हृदयविकाराच्या टाकला, तर तपासणीमुळे ओढवलेले मरण हिशेबातून अलगद निसटते. आमच्या नियमावलीत तो कर्करोगाच्याच खात्यात जाई, आणि हा नियम पहिला माणूस नोंदवण्याआधी लिहिलेला होता. निकाल दिसू लागल्यावर असले नियम ठरवणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

या रक्तचाचणीची पुढची बातमी द्याल तेव्हा गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते का आणि प्रत्येक गटात किती जणांपैकी किती मृत्यू झाले, एवढ्या दोन गोष्टी कृपया छापाव्यात.

– एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट