चिन्मयच्या डोळ्यांबद्दल

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

चिन्मयचे डोळे आलेत असं काल तू सांगितलंस, आणि फोन ठेवल्यावर त्याचेच डोळे समोर येत राहिले. सकाळी पापण्या घट्ट चिकटलेल्या, आणि ‘बाबा, मला दिसत नाही’ म्हणून तो रडतो, हे ऐकून गलबलून आलं. आमच्या सईचं असंच झालं होतं. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय.

आधी डोळ्यांच्या थेंबांच्या त्या उरलेल्या बाटलीचं, जी कपाटात आहे आणि चिन्मयला चालेल का असं तू विचारत होतास. ती वापरू नकोस रे, हात जोडून सांगतो. मी नेमकं तेच केलं होतं. माझ्यासाठी कधीतरी आणलेले थेंब सईच्या डोळ्यांत दोन दिवस घातले. लाली उतरली, मला वाटलं झालं बरं. तिसऱ्या दिवशी डोळा पुन्हा लालबुंद. डॉक्टरांनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, “यात स्टिरॉइड आहे, कुणी घालायला सांगितलं?” स्टिरॉइडने लाली आणि सूज दबते, जंतू मरत नाहीत. त्यातून डोळा हर्पिसच्या, म्हणजे ओठांवर फोड आणणाऱ्या, विषाणूमुळे आलेला असेल तर बुबुळाला जखम होऊन नजर कायमची अधू होऊ शकते. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला होता. सईला पुढे काही झालं नाही, पण ते नशीब. आणि साधे अँटिबायोटिकचे थेंब असले, तरी बाटली फोडल्यावर साधारण चार आठवड्यांनी ती टाकूनच द्यायची असते.

तू विचारलंस, अँटिबायोटिक लागेलच का? डोळे पाण्यासारखे गळत असतील आणि सोबत सर्दी असेल, तर बहुतेक विषाणूचं काम. तिथे अँटिबायोटिक काहीच करत नाही. नुसती खाज सुटत असेल तर ॲलर्जी. दाट पिवळी-हिरवी चिपडं, पुसली तरी थोड्या वेळात पुन्हा जमणारी, हे जीवाणूंचं लक्षण, आणि लहान मुलांत तेच जास्त दिसतं. सौम्य असेल तर आठ-दहा दिवसांत आपलं आपण बरं होतं. थेंबांनी ते लवकर आटोपतं. पण हे डॉक्टरांनी डोळा बघून ठरवावं, आपण नाही.

आता थेंब कसे घालायचे ते. सई डोळे घट्ट मिटून किंचाळायची, मी जबरदस्तीने पापणी ओढायचो, अर्धं औषध गालावर. मग डॉक्टरांनी युक्ती दाखवली. मुलाला उताणं झोपवायचं, डोळे मिटूनच ठेवायला सांगायचं, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात एक थेंब सोडायचा. तो तिथे इवल्याशा तळ्यासारखा थांबतो. मग म्हणायचं, “आता डोळे उघड.” औषध आपोआप आत जातं. पहिल्यांदा जमलं तेव्हा सई स्वतःच चकित झाली होती! एकच थेंब पुरतो. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. नंतर तो कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धर, नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं आणि कडू लागतं. दोन औषधं दिली असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ दे. बाटलीचं टोक पापणीला टेकवू नकोस.

थेंबांआधी चिपडं काढ. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे पुसायचं, दर वेळी नवा बोळा. आधी आणि नंतर हात साबणाने धू. टॉवेल आणि उशी त्याची वेगळी ठेव.

दोन दिवसांत डोळा स्वच्छ दिसायला लागेल आणि थेंब बंद करावेसे वाटतील. करू नकोस, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे कर. आणि डोळा खूप दुखला, उजेड सहन होईना, चिपडं पुसूनही अंधुक दिसलं किंवा दोन-तीन दिवसांत काहीच उतार पडला नाही, तर वाट न बघता पुन्हा दाखव. तू लेन्स घालतोस ना? तुलाही लागण झाली तर त्या लगेच काढ आणि उशीर न करता डॉक्टरांकडे जा. लेन्स घालणाऱ्यांच्या बुबुळाला झालेला संसर्ग फार झपाट्याने वाढतो.

परवा संध्याकाळी फोन करतो. कोपऱ्यातल्या थेंबाची युक्ती जमली का, ते चिन्मयकडूनच ऐकायचंय मला.

तुझा,
अनिल