शेजारच्या काकूंना, उघड पत्र

तीर्थस्वरूप काकूंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय बुडवता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

बदलीमुळे आम्ही दापोलीहून जळगावात आलो. इथल्या उन्हाळ्याची धास्ती सगळ्यांनी घातली होती, थंडीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करायचा, एवढंच. इथे कोजागिरीचं दूध पिऊन गच्चीवरून उतरतानाच अंगावर काटा आला आणि दिवाळी सरली तशी सकाळची फरशी पायाला चावायला लागली. हेमंत ऋतू म्हणजे काय ते मला इथे कळलं.

पण या थंडीची तयारी तुम्ही पार आषाढातच सुरू केली होती. मागच्या दारी विटांचे तुकडे नि तण माजलं होतं. "एवढी जागा आहे आणि वांगी विकत आणता?" असं म्हणून तुम्ही शेतावरून शेणखत मागवलंत आणि भरिताच्या वांग्याची रोपं हातात ठेवलीत. कोवळा शेंडा मान टाकताना दिसला की तो तिथेच खुडायचा, कारण आत अळी असतेच. खुडलेला शेंडा झाडाखाली टाकायचा नाही, नष्ट करायचा. निंबोळी अर्क फवारायचा तो संध्याकाळी. हे सगळं तुम्ही कुंपणापलीकडून सांगत राहिलात, आणि माझा आळस दिसला की अलीकडे येऊन स्वतः करून गेलात. दसऱ्यानंतर मेथी, पातीसाठी लसूण आणि कांदेही तुम्हीच लावून घेतलेत.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी वाचलं होतं. ते का मिळालं असावं, ते पहिलं वांगं तोडल्यावर समजलं. हिरवट-पांढरं, हातात मावेना असं, आणि आत बी अगदी थोडं. मी ते गॅसवर भाजायला निघाले तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून तुम्ही वांगी त्यावर टाकलीत. साल काळी ठिक्कर पडली, धुराचा वास पार आतपर्यंत मुरला. मग सोलून लाकडी मुसळाने ठेचलेला तो गर, त्यात तळलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. आमच्या घरी भरीत दह्यातलं असतं, आणि तेही चांगलंच लागतं, हे मी अजून म्हणते (तुम्ही रागवा खुशाल). पण त्या दिवशी दह्याची आठवण कुणाला झाली नाही. ह्यांनी तर ताट पुसून घेतलं.

आणि गोधडी. घरात पांघरायला एक पातळ सोलापुरी चादर, एवढ्यावर आम्ही भागवतोय हे तुम्ही कधी पाहिलंत कोण जाणे. जुन्या सुती लुगड्यांचे थर घालून, दुपार-दुपार बसून तुम्ही ती शिवलीत. धाकटी आता दुसरं काही अंगावर घेऊ देत नाही. त्या गोधडीत शिरून लसणाच्या पातीची चटणी आणि बाजरीची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, असा तिचा सकाळचा थाट असतो. गादीवर खाऊ नये, हा माझा नियम त्या गोधडीने मोडीत काढलाय.

माझी आई दापोलीला. फोनवर ती रोज विचारते, मुलं काय खातात, अंगात स्वेटर घालतात का. हल्ली विचारून झालं की तीच म्हणते, "शेजारी काकू आहेत ना, मग ठीक." माझी निम्मी काळजी तुमच्यावर टाकून ती मोकळी झालीय. हे ओझं तुम्हाला न विचारता दिलंय, त्याबद्दलही आभार.

चंपाषष्ठीला भरीत-रोडगा या वेळी आमच्याकडे करायचा आहे. वांगी आमच्या परसातली, काड्या तुमच्या शेतातल्या, आणि मिरच्या किती ते तुम्ही येऊन सांगायचं. आणखी एक: कुंपणाकडच्या झाडावरचं सगळ्यात मोठं वांगं मी बियांसाठी न तोडता ठेवलंय. ते पूर्ण पिवळं होईपर्यंत थांबू, की आधीच काढू?

तुमची,
पलीकडच्या घरातली कोकणी सून

ता. क. तुमचा पितळी डबा माझ्याकडेच आहे. रिकामा परत करायचा नाही, म्हणून थांबलेय.