पूरग्रस्त घराच्या दुरुस्तीतील सदोष काम आणि वाढीव मोजमापाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ओल्या भिंतींवर केलेला गिलावा, अर्धवट वायरिंग, पोकळ फरशी व न केलेल्या कामाचे बिल

महोदय,

रंगाचे पोपडे थांबू शकतात, पण पुढची गोष्ट थांबू शकत नाही, म्हणून ती आधी लिहितो. मुख्य बोर्डातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होत होता. तुमच्या वायरमनने दोष शोधण्याऐवजी तो आरसीसीबीच वगळून फेज आणि न्यूट्रल थेट पुढे जोडून दिले. ओल्या भिंतींच्या घरात माणसाला झटक्यापासून वाचवणारे तेवढे एकच उपकरण होते. एमसीबी चालू आहे, हे उत्तर देऊ नये. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो, माणसाच्या अंगातून जाणारी विजेची गळती ओळखत नाही.

गळती कुठून होते हे शोधणे अवघड नव्हते. करारात ‘बुडालेल्या उंचीखालील सर्व वायरिंग नवीन’ असे स्पष्ट आहे. प्रत्यक्षात स्विच आणि प्लेटा तेवढ्या बदलल्या. मागच्या लोखंडी पेट्या गंजलेल्या आहेत आणि वायर जुनीच आहे. वीज बंद करून खालच्या बोर्डातली वायर फूटभर ओढली, तर तिच्याबरोबर ओला गाळ बाहेर आला. काँड्यूटच्या (वायरच्या नळीच्या) खालच्या वळणात असे पाणी कितीतरी दिवस साचून राहते. वरचे आवरण धड दिसले तरी वायरची टोके आणि सांधे काळे पडलेले असतात. उपकरणे काढून प्रत्येक सर्किटची ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचे इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) चाचणी घ्यावी. वाचन १ मेगओहमच्या खाली आले, तर ते सर्किट चालू करू नये.

आता भिंती. पाणी ३ फुटांपर्यंत चढले होते. वीट पाणी वर ओढते, म्हणून ५ फुटांपर्यंत गिलावा काढायचा असे ठरले होते. तुमच्या माणसांनी तो साडेतीन फुटांवर थांबवला. टेप लावून काढलेले फोटो सोबत आहेत. त्यानंतर पाणी ओसरल्याच्या नवव्या दिवशी वॉटरप्रूफिंग रसायन घातलेला १:३ चा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) सिमेंट गिलावा केला. नऊ इंची भिजलेली भिंत वाळायला महिने लागतात. नऊ दिवसांत तिच्या वरच्या पापुद्र्याचीच ओल जाते.

आज पांढऱ्या लोण्याचा, म्हणजे भिंतीतून बाहेर येणाऱ्या क्षारांचा, पट्टा नेमका साडेतीन ते पाच फुटांच्या दरम्यान उठला आहे. तुम्ही म्हणता तसा ‘हवेतला दमटपणा’ असता, तर तो अशी सरळ रेघ धरून आला नसता. खाली घट्ट गिलाव्याचे झाकण बसले, ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही, ती क्षार घेऊन वर सरकली आणि जुना गिलावा सुरू झाला तिथे बाहेर पडली. वर फिरवलेल्या लांबीने (पुट्टीने) आणि प्लास्टिक इमल्शन रंगाने उरलीसुरली वाटही बुजवली. शिवाय लांबी गिलाव्यानंतर सहाव्या दिवशी लागली आहे. गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारायचे असते. म्हणजे एक तर पाणी मारलेच नाही, किंवा मारले आणि ओल्यावरच लांबी ओढली. यातले कोणते खरे, ते मुकादमाला विचारून कळवावे.

तुमच्या अहवालातला ‘ओल १२ टक्के, भिंत कोरडी’ हा शेराही मान्य नाही. वापरलेला दोन पिनांचा मीटर लाकडासाठीचा आहे. विटेवर किंवा गिलाव्यावर त्याचा आकडा टक्केवारी म्हणून वाचता येत नाही. न बुडालेल्या भिंतीच्या वाचनाशी तुलना करण्यापुरताच तो कामाचा, आणि तशी तुलना अहवालात कुठेही नाही. ओल शोषणारे यंत्र चार दिवस चालवल्याचे भाडे लावले आहे, तेही खिडक्या सताड उघड्या ठेवून! बाहेरची हवाच कोरडी करायला घेतली होती की काय?

फरशीचे थोडक्यात: स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीतल्या १७ लाद्या लाकडी दांड्याने ठोकल्यावर पोकळ वाजतात. खालची वाळू वाहून गेली आहे. सांध्यांतून सिमेंटचे पाणी ओतून ही पोकळी भरत नाही, वरचा थर तेवढा आवळतो आणि वजन पडले की लादी तडकते.

बिलात गिलाव्याचे मोजमाप ६४ फूट लांबी गुणिले ५ फूट, म्हणजे ३२० चौरस फूट धरले आहे. झालेले काम ६४ गुणिले साडेतीन, म्हणजे २२४ चौरस फूट. ९६ चौरस फूट गिलावा अस्तित्वात नाही. ‘जादा गाळ काढणे’ ही बाब आमच्या लेखी संमतीशिवाय टाकलेली आहे, आणि गाळ काढणे मूळ करारातच आहे.

आमच्या मागण्या अशा: आरसीसीबी २४ तासांत पूर्ववत जोडावा. बुडालेले वायरिंग पेट्यांसह बदलून सर्किटवार मेगरची वाचने सहीनिशी द्यावीत. ५ फुटांपर्यंतचा रंग, लांबी आणि गिलावा काढून भिंत उघडी ठेवावी, क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत (पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत जातात). ठरलेल्या आठ जागी दर आठवड्याला ओलीचे वाचन घ्यावे आणि ते न बुडालेल्या भिंतीच्या जवळ येऊन स्थिरावले, तरच रसायनाविना १:६ चा गिलावा करावा. रंग ओल बाहेर जाऊ देणारा, चुन्याचा असावा. पोकळ लाद्या उचलून थर दाबून नव्याने बसवाव्यात. हे सर्व मूळ रकमेत.

‘वरून आणखी एक हात रंग मारून देतो’ हा तुमच्या साइट इंजिनिअरचा प्रस्ताव आम्ही नाकारत आहोत. २० टक्क्यांचा शेवटचा हप्ता करारात ‘दोषरहित काम पूर्ण झाल्यावर’ देय आहे, म्हणून तो रोखला आहे. कामाचे वेळापत्रक आणि दुरुस्त बिल सात दिवसांत लेखी मिळावे. न मिळाल्यास आम्ही स्वतंत्र अभियंत्याकडून पाहणी करून घेऊ आणि त्याचे शुल्क याच हप्त्यातून वळते करू.

आपले ग्राहक,
घरमालक

सोबत: मोजमापाचे फोटो, कराराची प्रत, पोकळ लाद्यांचा खोलीवार नकाशा, बोर्डाच्या आतील जोडणीचे फोटो