पिनबॉल मशीन घेताय? जरा थांबा!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. आमच्या ओळखीत एक-दोघांना जुनी पिनबॉल मशीन (काचेखाली स्टीलचा गोळा उडवत पॉइंट कमवायचा तो खेळ) घ्यायचं वेड लागलंय, आत्ता घेऊन ठेवा पुढे डबल होईल म्हणतात, म्हणून लिहितोय. मला हे अजिबात पटत नाही. भाव चढले ते कोरोनात, लोक घरी बसून होते तेव्हा, आणि ज्या पिढीने परदेशात आर्केडमध्ये, म्हणजे गेम पार्लरमध्ये, हा खेळ खेळला ती आता म्हातारी होतेय, त्यांची मशीन विकायला निघाली की घेणार कोण? विल्यम्स या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये पिनबॉल बनवणं बंद केलं हे खरं, त्यांचं १९९७ चं 'मिडीव्हल मॅडनेस' हे मशीन तर जेमतेम चार हजार बनलं, पण त्याचाही रीमेक निघालाच ना! दुर्मिळ आणि चकाचक असेल ते टिकेल, बाकीचे उतरणार असं मला वाटतं.

आणि घेण्याआधी मागचा बॉक्स उघडून बोर्डवरचे पेन्सिल सेल बघा हो, लीक झाले असतील तर हिरवट-पांढरा गंज पार सर्किटमध्ये शिरलेला असतो, वर फ्लिपरची (गोळा परत मारणाऱ्या दांडीची) कॉइल जळाली तर पार्ट बाहेरून मागवा, कस्टम भरा. खेळायची हौस असेल तर जरूर घ्या, पण एफडी मोडून नका घेऊ.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर