पाहुणे नव्हे, इथलेच

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत अलिबागच्या इस्रायल आळीवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत. पण 'महाराष्ट्राने आसरा दिलेले हे पाहुणे' या ओळीपाशी मी अडखळले.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कधी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वाचलेली माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' करून टाकलं. रोहेकर, पेणकर, दिवेकर ही आमची आडनावंही इथल्याच गावांची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनाघर, सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी 1796 साली बांधलं. आसपासचे लोक त्याला जुनी मशीद म्हणत आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. रोज तिथे उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

तरी पन्नाशी उलटल्यावरही मला ऐकावं लागतं, "अय्या, मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" मी हसते. दुसरं काय करणार?

तिकडे याच्या उलट तऱ्हा. 1948 नंतर आमचे बरेच लोक इस्रायलला गेले. साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की यांची लग्नं लावण्याआधी आईच्या, आजीच्या वंशाची चौकशी करा. आमच्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं. अखेर 1964 मध्ये तिथल्या संसदेने हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असा ठराव केला. माझी आत्या इस्रायलमध्ये अशदोद शहरात असते. हिब्रूत 'कर' म्हणजे थंड, त्यामुळे तुम्हा सगळ्यांची आडनावं गारठलेली कशी, अशी तिची तिथे थट्टा होते.

आमचं घर कळायचं तर रोश हशनाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, स्वयंपाकघरात यावं. त्या दिवशी चिकाचा हलवा हवाच. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक गाळून घ्यायचा आणि मंद आचेवर दंड भरून येईपर्यंत ढवळत राहायचं. मटणाच्या जेवणाबरोबर आम्हाला दुधाचं काही चालत नाही, म्हणून हलव्यात नारळाचं दूध. नियम मोशेचा, सोय परसातल्या माडाची. यातलं कोकणी किती आणि ज्यू किती, ते मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही. आत्या तिकडे कॉर्नफ्लोअर आणि डब्यातलं नारळाचं दूध घालून दहा मिनिटांत उरकते आणि मग फोनवर स्वतःच कुरकुरते, "हात दुखला नाही तर हलवा कसला गं?"

आणखी एक दुरुस्ती. लेखात मलिदा ही 'इस्रायलहून आलेली प्रथा' म्हटली आहे. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. लग्नकार्यात किंवा नवस फेडताना एलियाहू हनाबीचं, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताचं, नाव घेऊन तो करतात. हा आम्हा बेने इस्रायलांचाच, इतर ज्यूंमध्ये नाही. अशदोदला आत्याने पहिल्यांदा मलिद्याचं ताट मांडलं, तेव्हा शेजारीण विचारत होती, "हे सकाळी दुधात घालून खातात का?"

– एक वाचक, ठाणे