स्मिता पाटील ऑडिओमालिका, भाग चार: पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनशी बोलणं झालं. म्हणजे पलीकडून फोन कट झाला आणि लगेच ‘आमच्या सेवेला किती स्टार द्याल?’ असा मेसेज आला. स्टार तुमचे तुम्ही ठेवा. हे पत्र वाचा.

अभिनेत्री स्मिता पाटीलवरची ही मालिका तुम्हीच विकता, तेव्हा तिची ओळख करून देत नाही. आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या महिला मंडळाने वर्गणी काढून १,१९९ रुपयांना ती घेतली, कारण जाहिरातीत ‘बालपणापासून पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत’ असं लिहिलं होतं. भाग तीनपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पुण्यातली शाळा, राष्ट्र सेवा दल, राजकारणातले वडील आणि समाजकार्यातली आई, मग मुंबई दूरदर्शन, जीन्सवरच साडी गुंडाळून वाचलेल्या बातम्या, दिग्दर्शक श्याम बेनेगलांच्या नजरेत भरलेला तो चेहरा. आम्ही सगळ्या कान देऊन ऐकत होतो. भाग चार लावला तर निवेदक म्हणतो, ‘यानंतर त्यांनी निर्मितीत पाऊल टाकलं आणि १९८९ मध्ये ‘कळत नकळत’ आला.’ मंडळातल्या सर्वांत वयस्कर बाई म्हणाल्या, “अगं, ही तर शहाऐंशीलाच गेली ना?”

अहो, त्या स्मिता तळवलकर. त्याही दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या, त्याही स्मिता. तुमच्या लेखकाने तिथेच गाडी दुसऱ्या रुळावर घातली आणि तपासणाऱ्याने (असलाच तर) हिरवा झेंडा दाखवला. तळवलकरांबद्दल आम्हाला आदरच आहे. त्यांच्यावर वेगळी मालिका काढा. पण आम्ही पैसे स्मिता पाटीलचे भरलेत.

आता तो फोन. मी पोराला शांतपणे सांगितलं की भाग चार चुकीचा आहे आणि भाग एकमध्ये जन्मसालसुद्धा १९५७ सांगितलंय. ते १७ ऑक्टोबर १९५५ असं हवं, गाव पुणे. तो म्हणाला, “ओके मॅडम, जन्मतारीख बदलायची आहे. आधार कार्ड अपलोड करा.” मी म्हटलं, माझी नाही, स्मिता पाटीलची. तर म्हणे, “मग खातेदाराने स्वतः बोलावं लागेल. स्मिता मॅडमना फोन द्या.” मी म्हटलं, त्या १३ डिसेंबर १९८६ ला वारल्या. थोडा वेळ संगीत वाजलं. परत आला तो आवाज मऊ करून: “सॉरी फॉर युवर लॉस मॅडम. मृत्यूचा दाखला आणि वारसाचं नाव पाठवलंत तर खातं बंद करून देतो.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: अभिनेत्री, पद्मश्री, दोन राष्ट्रीय पुरस्कार. तर विचारतो, “मॅडम, त्या आमच्या प्रीमियम सदस्य होत्या का?” त्या पोरावर माझा राग नाही, त्याच्यापुढे जो कागद ठेवलाय तोच तो वाचणार. तुम्ही मात्र स्मिता पाटीलवर मालिका विकता आणि फोनवर बसणाऱ्याला त्या कोण हे सांगत नाही. यानंतर मी ‘वरिष्ठांना द्या’ म्हटलं आणि फोन कट झाला.

भाग चारमध्ये काय असायला हवं होतं हे तुमच्याकडे कुणाला ठाऊक नसेल, तर फुकटात सांगते. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांनी केलेली पदविका फिल्म. १९७५ मधला ‘चरणदास चोर’, नाटककार हबीब तन्वीरांच्या ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्यातल्या कलावंतांबरोबर केलेला. त्याच वर्षीचा ‘निशांत’, जमीनदाराच्या घरातली धाकटी सून. मग ‘मंथन’. यात तर तुम्ही कळसच केलाय. तुमच्या निवेदकाने त्याचं श्रेय ‘एका बड्या निर्मात्या’ला दिलंय. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो सिनेमा उभा केला, हे आमच्या सांगलीतल्या डेअरीवर दूध घालणाऱ्यालाही सांगता येईल. आणि १९७७! एकाच वर्षी ‘भूमिका’मधली उषा आणि ‘जैत रे जैत’मधली चिंधी. एक पोरवयापासून प्रौढपणापर्यंत नटी म्हणून पिळली गेलेली, दुसरी डोंगरातल्या ठाकर आदिवासींमधली. बाविशीच्या मुलीने हे केलं. माझ्या मते चिंधीकडे पुरस्कारवाल्यांनी जरा कमीच पाहिलं, पण तो वेगळा वाद. ‘भूमिका’ जुन्या काळातल्या अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आहे, स्मिता पाटीलच्या आयुष्यावर नाही. तुमचा भाग पाच नेमकं उलटं सांगतो, तेही भरून आलेल्या आवाजात.

म्हणजे ज्या तीन वर्षांसाठी आम्ही मालिका घेतली, तीच वर्षं तुमच्या मालिकेत धड नाहीत. पुन्हा सांगते, भाग चार दुसऱ्याच बाईचा आहे. ‘ॲप काढून परत टाका’ हा सल्ला आधीच्या फोनवर मिळालाय आणि पाळूनही झालाय. परत टाकल्यावरही १९८९ चा १९७५ झाला नाही.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ नाटक उभं केलं. इथला प्रेक्षक सीतेच्या जागी शूर्पणखा आणून उभी केली तर टाळ्या वाजवत नाही, तिकिटाचे पैसे मागतो. आम्हीही मागतोय.

१,१९९ रुपये परत करा, किंवा खरा भाग चार करून द्या. दुसरं करणार असाल तर सिनेमा माहीत असलेल्या माणसाकडून करून घ्या. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही पडत नाही. म्हणजे सांगलीला यायचंय ते तुम्हाला, मला नाही.

मराठीत असं काही निघतंय म्हणून चारचौघींना मीच कौतुकाने तुमचं नाव सांगितलं होतं. आता त्या मला ‘तुझ्या त्या कंपनी’ची चौकशी करतात.

उत्तर लेखी द्या, फोन नको. माझं नाव आणि नंबर तुमच्याकडे आहेच, रात्री नऊला नव्या ऑफरसाठी तो तुम्हाला बरोबर सापडतो. आधार कार्ड पाठवणार नाही. माझंही नाही, स्मिता पाटीलचंही नाही.

एक ग्राहक (सदस्यत्वाची मुदत संपेपर्यंतच),
विश्रामबाग, सांगली